बीपी नॉर्मल असूनही मेंदू उपाशी?

गेल्या अंकात दुचाकीच्या अपघातांत डोक्याला होणाऱ्या दुखापतींवर लेख होता. मार लागतो तो क्षण आपल्या हातात नसतो, पण पुढच्या काही तासांत आणि दिवसांत मेंदूला रक्त किती पोहोचतं यावर रुग्णाचं बरंचसं भवितव्य ठरतं, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मेंदूशल्यचिकित्सा आणि अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी लिहिली आहेत.

प्रश्न : माझे मेहुणे गाडीवरून पडले. डोक्याला जबर मार आहे, व्हेंटिलेटरवर आहेत. मॉनिटरवर बीपी ११०/७० दिसतं. माझंही एरवी तेवढंच असतं. तरी डॉक्टर म्हणतात कमी आहे, आणि बीपी वाढवायचं औषध पंपाने चालू केलंय. असं का? (सोलापूर)

मॉनिटरवर दिसतो तो हाताच्या रोहिणीतला दाब. मेंदूत रक्त ढकलायला त्यातला किती उरतो हे वेगळं काढावं लागतं. कवटी बंद पेटी आहे. तिच्यात साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के पाण्यासारखा मेंदूद्रव असतो. यातलं एक वाढलं की दुसऱ्या कशाला तरी जागा सोडावी लागते. हे स्कॉटलंडच्या मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि केली यांनी १८२४ मध्ये मांडलं आणि आजही आयसीयूतला सगळा हिशेब त्यावरच चालतो. रक्ताची गाठ झाली किंवा मेंदूला सूज आली की आधी मेंदूद्रव आणि नीलांमधलं रक्त बाहेर सरकतं. ती सोय संपली की मग थोड्याशा मिलिलिटरनेही आतला दाब झपाट्याने चढतो.

आता आकडे मांडू. सरासरी रक्तदाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश. ११०/७० चा सरासरी दाब साधारण ८३ मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर) येतो. तुमच्या कवटीतला दाब १० धरला तर मेंदूसाठी ७३ उरतात. मेहुण्यांच्या कवटीत तो २५ असेल तर उरतात ५८. गंभीर दुखापतीत हा उरलेला दाब ६० ते ७० च्या दरम्यान ठेवावा आणि कवटीतला दाब २२ च्या वर गेला तर उपचार करावेत, असं २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे तुमच्यासाठी उत्तम असलेलं बीपी त्यांना अपुरं पडतंय.

यात आणखी एक खाच आहे. ती आयसीयूतही सुटून जाते. रुग्णाचं डोकं ३० अंश उचललेलं असतं. रोहिणीतला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर छातीच्या पातळीवर बांधलेला असेल तर तो हृदयापाशी असलेला दाब सांगतो, मेंदूपाशी असलेला नाही. दर १३ सेंटिमीटर उंचीला साधारण १० मिमी दाब कमी होतो. कान हृदयापेक्षा १५ सेंटिमीटर वर असेल तर ११-१२ मिमी वजा करा, आणि वरच्या हिशेबातले ५८ प्रत्यक्षात ४६-४७ निघतात. म्हणून आम्ही रोहिणीचा ट्रान्सड्यूसर कानाच्या भोकाच्या पातळीला शून्य करतो आणि पलंग हलवला की पुन्हा तपासतो. कोणत्या पातळीवर शून्य केलं हे चार्टवर लिहिलेलं नसेल तर दोन शिफ्टच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग सरळ १०० पर्यंत का चढवत नाही? औषधं आणि सलाइन ओतून हा दाब मुद्दाम ७० च्या वर रेटला तर फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन घसरण्याचा धोका वाढतो. शिवाय मेंदूचं स्वतःचं नियंत्रण गेलेलं असेल तर जास्तीचं रक्त कवटीतच साचतं. राउंडच्या वेळी डॉक्टरांना “बीपी किती” याऐवजी “आयसीपी आणि सीपीपी किती आहे” असं विचारा. पहिला आकडा कवटीतल्या दाबाचा आणि दुसरा मेंदूसाठी उरलेल्या दाबाचा.

प्रश्न : मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळतो असं आम्ही शिकतो. मार लागल्यावर त्यातलं नेमकं काय बिघडतं? (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, नाशिक)

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागतं. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर, म्हणजे सगळा मेंदू धरला तर मिनिटाला ७०० मिलिलिटरच्या आसपास. हा प्रवाह १८-२० पर्यंत उतरला की पेशींचं विद्युत काम थांबतं, आणि १० च्या खाली गेला की पेशी मरायला लागतात. मेंदूत साठा जवळपास नसतोच, त्यामुळे पुरवठा सतत आणि बेताचा लागतो.

बीपी मात्र दिवसभर हलत असतं. धरणातून पाणी कमी-जास्त सुटलं तरी पाटकरी दार वर-खाली करून शेताला तेवढंच पाणी देतो, तसं काम मेंदूतल्या बारीक रोहिण्या करतात. दाब वाढला की त्यांच्या भिंतीतला स्नायू ताणला जातो, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि रोहिणी आकसते. दाब उतरला की ती रुंदावते. पाच-दहा सेकंदांत हे घडून जातं. त्यावर कार्बन डायऑक्साइड, अ‍ॅडेनोसिन, पोटॅशियम, रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड आणि मज्जातंतू यांचं नियंत्रण असतं. १९५९ मध्ये डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी आलेख मांडला तेव्हापासून पुस्तकांत ‘सरासरी दाब ६० ते १५० असेपर्यंत प्रवाह स्थिर’ असं छापलं जातं. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. प्रत्यक्षात हा सपाट भाग पुष्कळ अरुंद असतो आणि माणसागणिक बदलतो. शिवाय मेंदूला बीपीची चढण जितकी झेपते तितकी उतरण झेपत नाही.

जोराचा धक्का बसला की हे बऱ्याच ठिकाणी एकदम मोडतं. रक्तवाहिनीचं अस्तर ताणलं जातं आणि त्यातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात, ते नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात. मेंदूच्या आवरणाखाली रक्त सांडलं असेल तर त्यातलं हिमोग्लोबिनही तेच करतं. रुंदावायला सांगणारा संदेश असा कमी होत असतानाच आकसायला लावणारं एंडोथेलिन वाढतं. आसपासच्या सुजलेल्या पेशी केशवाहिन्यांना बाहेरून चेपतात. जखमी भागाच्या कडेने विद्युत शांततेच्या लाटा पसरतात. निरोगी मेंदूत अशी लाट आली की रक्तप्रवाह वाढतो, पण जखमी मेंदूत काही वेळा तो उलट आटतो, आणि त्या कडेच्या पेशींचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते तिथे.

तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. बिघाड सगळीकडे सारखा नसतो, उजव्या बाजूला खरचटलेला भाग नियंत्रण गमावून बसलेला असतो तेव्हा डावी बाजू शाबूत असू शकते. दाबाला दिलेला प्रतिसाद गेला तरी कार्बन डायऑक्साइडला दिलेला प्रतिसाद बऱ्याचदा टिकून असतो, आणि दोन्ही गेले असतील तर लक्षण वाईट. तिसरी गोष्ट, सीटी फारसा वाईट नसलेल्या आणि शुद्धीवर असलेल्या काही रुग्णांतही हे नियंत्रण काही दिवस ढिलं पडलेलं आढळतं.

नियंत्रण गेल्यावर मेंदूचा प्रवाह बीपीच्या मागे मागे जातो. बीपी उतरलं की मेंदू उपाशी, चढलं की कवटीत रक्त जास्त, सूज जास्त, दाब जास्त. नियंत्रण शाबूत असलं तरी बीपी उतरणं चांगलं नाहीच. रोहिण्या रुंदावतात, कवटीतल्या रक्ताचं आकारमान वाढतं, आणि आधीच जागा संपलेली असेल तर दाब चढतो. दाब चढला की उरलेला दाब आणखी घटतो, रोहिण्या आणखी रुंदावतात. अशा रुग्णाचं बीपी नीट केलं की मॅनिटॉलचा, म्हणजे मेंदूची सूज उतरवायच्या औषधाचा, थेंब न देता कवटीतला दाब खाली येतो. हे पाहिलं की उपचारांकडे बघायची नजर बदलते.

प्रश्न : मी अ‍ॅम्ब्युलन्सवर असते. डोक्याला मार असलेल्या रुग्णाला अंबू बॅगने जोरजोरात श्वास द्यावा म्हणजे मेंदूची सूज उतरते असं एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं. बरोबर आहे का? (सातारा)

नाही. हे सर्वांत आधी सोडायला हवं, कारण यात नुकसान पटकन होतं आणि दिसत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड १ मिमीने उतरला की मेंदूचा प्रवाह साधारण तीन टक्क्यांनी घटतो. जोरात बॅग दाबून तो ४० वरून २५ वर आणला तर प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी घटला. कवटीतला दाब उतरतो हे खरं, पण तो मेंदूचं रक्त तोडून उतरवलेला असतो, आणि तेही पहिल्या दिवशी, जेव्हा प्रवाह मुळातच तळाला असतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ज्यांना सरसकट जोराचा श्वास दिला त्यांच्यातले काही गट तीन आणि सहा महिन्यांनी अधिक वाईट अवस्थेत होते. शिवाय परिणाम टिकत नाही. काही तासांत मेंदूद्रवातलं बायकार्बोनेट जुळवून घेतं, आणि मग एकदम थांबवलं तर रोहिण्या उलट रुंदावून दाब उसळतो.

प्रौढाला मिनिटाला १० ते १२ श्वास, म्हणजे दर पाच-सहा सेकंदांनी एक. मनात “एक हजार एक, एक हजार दोन” मोजत दाबा. घाईत आणि सायरनच्या आवाजात हात आपोआप २५-३० वर जातो. प्रौढांची बॅग सुमारे दीड लिटरची असते, ती पूर्ण पिळायची नसते. एका हाताने, छाती उचललेली दिसेपर्यंतच दाबा, साधारण अर्धा लिटर. कॅप्नोमीटर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर ३५ ते ४० धरा. रुग्ण शॉकमध्ये असेल तर कॅप्नोमीटर खरा आकडा कमी दाखवतो, तेव्हा त्यावर पाहून श्वास कमी-जास्त करताना सावध राहा.

अपवाद एकच. एक बाहुली डोळ्यांदेखत मोठी होऊन उजेडाला प्रतिसाद देईनाशी झाली, किंवा हातपाय ताठ होऊन बाहेर वळू लागले, म्हणजे मेंदू खाली सरकतोय. तेव्हा मिनिटाला २० श्वास, कॅप्नोमीटरवर ३० ते ३५, आणि तेही फक्त ऑपरेशन थिएटर गाठेपर्यंत.

तुमच्या हातातल्या बाकीच्या गोष्टी याहून मोठ्या आहेत. ऑक्सिजन ९४ च्या वर ठेवा, ९० च्या खाली एकदाही जाऊ देऊ नका. वरचं बीपी ९० च्या खाली एकदा जरी गेलं तरी मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं, हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं. त्यानंतर अपेक्षा आणखी वर गेली आहे. १५ ते ४९ वयात आणि सत्तरीच्या पुढे किमान ११०, ५० ते ६९ वयात किमान १००. द्रव द्यायचा तर ०.९ टक्के सलाइन द्या. पाच टक्के डेक्स्ट्रोज अजिबात नको, त्यातली साखर वापरली गेली की उरतं नुसतं पाणी, आणि ते सुजलेल्या मेंदूत शिरतं. आणि बीपी पडलेलं असेल तर कारण डोक्यात शोधू नका. प्रौढाच्या कवटीत बीपी पाडण्याइतकं रक्त मावतच नाही. पोट, छाती, ओटीपोटाचं हाड, मांडी बघा, आणि टाळूच्या जखमेतून उशीखाली किती रक्त गेलंय तेही बघा. तिथे घट्ट दाबून पट्टी बांधली तर बीपी वाचतं.

उलट चित्रही ओळखा. बीपी एकदम २०० कडे, नाडी ५० च्या खाली, श्वास अनियमित. कवटीतला दाब टोकाला गेल्याची ही खूण हार्वी कुशिंग यांनी १९०१ च्या सुमारास दाखवली. हे बीपी उतरवायचं औषध देऊ नका, मेंदू त्याच्याच जोरावर जिवंत आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात सीटी आहे, पण कवटीतला दाब मोजायची सोय नाही. मॅनिटॉल १०० मिली आठ तासांनी एवढंच आम्ही करतो. अजून काय करता येईल? (फिजिशियन, मराठवाडा)

बरंच करता येईल. २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ रुग्णांवर एक चाचणी झाली. दाब मोजून केलेले उपचार आणि वारंवार तपासणी व सीटीवरून केलेले उपचार यांच्या निकालांत फरक आढळला नाही. याचा अर्थ दाब मोजणं निरुपयोगी असा नाही. नीट, ठरलेल्या वेळी, त्याच त्या माणसाने केलेली तपासणी मौल्यवान आहे असा आहे. दर तासाला ग्लासगो स्कोअर (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) आणि बाहुल्या तपासा. स्कोअर दोनने उतरला की सीटी पुन्हा.

दाब मोजता येत नसेल तर तो वाढलेला आहे असं धरून सरासरी बीपी किमान ८० ठेवा. डोकं ३० अंश, पण मान सरळ. मान वळलेली असली, सर्व्हायकल कॉलर घट्ट असली किंवा ट्यूब बांधलेली पट्टी गळ्याभोवती आवळलेली असली तर मानेतल्या नीला दबतात, रक्त परत जात नाही आणि कवटीतला दाब चढतो. पट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. मॅनिटॉलची बाटली उघडण्याआधी हे बघायची सवय संपूर्ण स्टाफला लावा. ताप उतरवा, प्रत्येक अंशाने मेंदूची भूक वाढते आणि रक्तही तितकंच जास्त लागतं. सोडियम रोज बघा.

मॅनिटॉलचं सांगायचं तर सर्वांना १०० मिली आणि घड्याळ बघून आठ तासांनी ही पद्धत आम्हाला मान्य नाही. २० टक्के मॅनिटॉलच्या १०० मिलीत २० ग्रॅम असतं. मात्रा किलोला ०.२५ ते १ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला अर्धा ग्रॅम किलोने ३० ग्रॅम, म्हणजे १५० मिली, १५-२० मिनिटांत. ते द्यायचं ते खालावण्याची खूण दिसली म्हणून. तासाभरात लघवी भरपूर होते आणि ती भरून काढली नाही तर बीपी पडतं, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं. कॅथेटर हवा, लघवीची नोंद हवी, रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) ३२० च्या वर जाऊ नये. बीपी आधीच कमी असेल तर ३ टक्के सलाइन बरं. थंडीत बाटलीत स्फटिक दिसतात, कोमट पाण्यात ठेवून ते पूर्ण विरघळवा आणि फिल्टर असलेल्या सेटनेच लावा. सूज उतरवायला डेक्सामेथासोन देण्याची जुनी सवय कुठे उरली असेल तर तीही थांबवा. दहा हजार रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडने मृत्यू वाढले, हे २००४ पासून माहीत आहे.

सोनोग्राफी मशीन असेलच. बंद पापणीवर जेल लावून, डोळ्यावर अजिबात दाब न देता, नेत्रगोलाच्या मागे ३ मिलिमीटरवर डोळ्याच्या मज्जातंतूच्या आवरणाची रुंदी मोजा. साडेपाच-सहा मिलिमीटरच्या वर असेल तर कवटीतला दाब वाढल्याचा संशय धरा. हृदयाचा २ मेगाहर्ट्झचा प्रोब कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर ठेवला तर मधली मेंदूरोहिणी दिसते. तिचा सरासरी वेग सेकंदाला ५५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. डायस्टोलमधला (दोन ठोक्यांमधला) वेग २० च्या खाली आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक वेगात होणाऱ्या चढ-उताराचा आकडा) १.४ च्या वर असेल तर मेंदू उपाशी आहे. हे वाचन दाखल झाल्यावर लगेच घ्या आणि बीपी ठीक केल्यावर पुन्हा घ्या. दहातल्या एखाद-दोन रुग्णांत हाड जाड असल्याने काही दिसत नाही, तिथे अडून बसू नका.

प्रश्न : भाऊ दोन दिवस सुधारत होता, डोळे उघडत होता. पाचव्या दिवशी पुन्हा गुंगीत गेला. काही हलगर्जी झाली असेल का? (ठाणे)

झालीच असेल असं धरू नका. दुखापतीनंतर रक्तप्रवाह टप्प्याटप्प्याने बदलतो. पहिल्या दिवशी तो कमी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त. पुढे दोन आठवड्यांपर्यंत मोठ्या रोहिण्या आकसण्याचा धोका, विशेषतः आवरणाखाली रक्त सांडलं असेल तर. यातला प्रत्येक टप्पा प्रत्येक रुग्णाला गाठतोच असं नाही.

गोंधळ असा की रक्त जास्त झालं तरी डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर) वेग वाढतो आणि रोहिणी आकसली तरी वेगच वाढतो, उपचार मात्र उलटे. म्हणून मेंदूतल्या रोहिणीच्या वेगाला मानेतल्या रोहिणीच्या वेगाने भागतात. उत्तर ३ च्या वर आलं तर आकसलेली, खाली आलं तर रक्त जास्त. डॉक्टरांना हे तपासलं का ते विचारा. त्याच वेळी सोडियम उतरणं, ताप, बाहेरून न दिसणारी फिट आणि जुन्या जखमेचा आकार वाढणं ही कारणंही बघावी लागतात. सीटी आणि रक्ताच्या तपासण्या त्यासाठीच असतात.

प्रश्न : माझा नवरा केंब्रिजमध्ये न्यूरो आयसीयूत आहे. डॉक्टर रोज ‘पीआरएक्स’चा आकडा सांगतात. काल ०.४ होता. याचा अर्थ काय?

ही पद्धत मूळ केंब्रिजचीच, मारेक चोस्निका आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली. बीपी आणि कवटीतला दाब यांची दर दहा सेकंदांची सरासरी घेतात, अशा शेवटच्या ३० जोड्या, म्हणजे पाच मिनिटं, आणि दोन्ही एकत्र हलतात का ते बघतात. बीपी वाढल्यावर रोहिण्या आकसल्या तर कवटीतला दाब थोडा उतरतो, आकडा ऋण येतो. रोहिण्या निष्क्रिय असतील तर बीपीबरोबर कवटीतला दाबही चढतो आणि आकडा १ कडे जातो. साधारण ०.२५ च्या वर तासन्‌तास राहिला तर नियंत्रण बिघडलंय असं समजतात. एखाद्या वेळचा ०.४ फारसं सांगत नाही. खोकला, कूस बदलणं, सक्शन यानेही तो उडतो.

कोणत्या दाबाला हा आकडा सर्वांत कमी येतो ते शोधून त्या रुग्णापुरतं लक्ष्य ठरवायचं ही पुढची पायरी २००२ मध्ये आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ६० रुग्णांच्या चाचणीत हे सुरक्षितपणे करता येतं असं दिसलं. त्याने जास्त रुग्ण बरे होतात का हे ठरवण्याइतकी ती मोठी नव्हती. आमचं मत विचाराल तर दिशा योग्य आहे. सर्वांना ६० ते ७० एवढंच धरण्यापेक्षा याच माणसाला किती हवं हे विचारणं केव्हाही बरं. तुम्ही एका आकड्याऐवजी “कालच्या पूर्ण दिवसाचा कल कसा होता” असं विचारत जा.

प्रश्न : १६ वर्षांची मुलगी कबड्डीत डोक्यावर पडली. सीटी नॉर्मल. दहा दिवस झाले, उभी राहिली की गरगरतं, पळाली की डोकं ठणकतं. सगळे म्हणतात अभ्यास टाळायचं नाटक आहे. (कोल्हापूर)

नाटक नाही. सीटीत रक्त आणि हाड दिसतं, रक्तवाहिन्यांचं वागणं दिसत नाही. मुका मार लागल्यावर काही दिवस ते आठवडे रोहिण्यांचा कार्बन डायऑक्साइडला आणि उभं राहण्याला मिळणारा प्रतिसाद मंद किंवा वेडावाकडा राहू शकतो, नाडी-बीपी सांभाळणारे मज्जातंतूही गडबडलेले असतात. व्यायामात ही उणीव उघडी पडते.

अंधाऱ्या खोलीत पडून राहणं आता सुचवत नाहीत. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं. २२० वजा वय म्हणजे तिची कमाल नाडी २०४ धरा. आधी ५५ टक्के, म्हणजे ११२ पर्यंत नाडी जाईल असं सपाटीवर १०-१५ मिनिटं चालणं. दहापैकी दोनपेक्षा जास्त गुणांनी त्रास वाढला तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच करा. जमलं तर ७० टक्के, म्हणजे १४३ पर्यंत. पुढे एकटीने पळणं, मग स्पर्श नसलेला सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. मॅटवर अंगाला अंग लावून खेळ मात्र सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. नियंत्रण सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तरुण मेंदूत झपाट्याने सूज येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचितच होतं, पण त्यासाठी जिल्ह्याची स्पर्धा सोडणं परवडतं.

शाळेला चिठ्ठी द्या, निम्म्या दिवसाने सुरुवात करा. पाणी आणि जेवण वेळेवर, उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसणं. चक्कर येते तेव्हा आडवी असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी नाडी व बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, जागं न होणं, फिट, हात किंवा पाय लुळा पडणं, नाकाकानातून पाणी, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, बीपी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. न्हाणीघरात पडले, टेंगूळ आलं, बाकी ठीक. गोळ्या बंद करू का? (पुणे)

स्वतःहून काहीच बंद करू नका, आजच सीटी करून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना ठीक वाटणं पुरेसं नाही. अशा वयात आवरणाखाली हळूहळू साचणारं रक्त तीन-चार आठवड्यांनी चालणं बिघडवतं, म्हणून महिनाभर लक्ष ठेवा. जुन्या बीपीच्या माणसाची नियंत्रणाची कक्षा वर सरकलेली असते, १५० ची सवय असलेल्या मेंदूला ११० कमी पडू शकतं. पडण्याचं कारण उभं राहताना बीपी उतरणं हेच तर नाही ना, ते तपासून गोळीची मात्रा डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय. तीन महिने झाले. आता ती जागा आत गेली आहे. बसलं की डोकं दुखतं, उजवा हात जड होतो, आडवं पडलं की बरं वाटतं. (जळगाव)

तुम्ही जे लिहिलंय ते ऐकूनच अर्धं निदान होतं. सूज असताना हाड काढणं जीव वाचवतं, पण सूज उतरली की कातडीवर बाहेरच्या हवेचा दाब थेट पडतो. बसल्यावर मेंदूद्रव खाली उतरतो आणि तो दाब आणखी जाणवतो. त्या बाजूचा रक्तप्रवाह घटतो आणि हात जड होतो. आडवं झाल्यावर बरं वाटणं ही त्याची खास खूण.

हाड परत बसवल्यावर प्रवाह सुधारतो आणि पुष्कळ रुग्णांत हात आणि बोलणं काही दिवसांत सुधारलेलं दिसतं. तेव्हा तारखेची वाट न बघता शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना आताच भेटा. जाताना एक कागद न्या. रोज सकाळी आडवं असताना आणि अर्धा तास बसल्यावर, दोन्ही वेळा हाताची पकड कशी आहे, डोकं दहापैकी किती दुखतं, बोलताना शब्द अडतात का, ते आठवडाभर लिहा. शंट (जास्तीचा मेंदूद्रव काढणारी नळी) बसवलेला असेल तर तेही आधी सांगा, कारण तो जास्त पाणी काढत असेल तर त्याचं सेटिंग बदलावं लागतं. पोटाची जागा लाल, गरम किंवा ओली वाटली तर ताप येण्याची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग झालेलं हाड वापरता येत नाही आणि टायटॅनियमची पट्टी किंवा मोजून बनवलेलं कृत्रिम हाड लावावं लागतं. तोवर त्या कुशीवर झोपू नका, घराबाहेर पडताना मऊ अस्तराचं हेल्मेट घाला, पाणी कमी पिऊ नका, आणि बसून होणारा व्यायाम फिजिओथेरपिस्टला सांगून आडवा किंवा रेलून करून घ्या.